सिमेंटचे पाईप गाडीवर लादायचे असतील तर: नव्या गाडीवाल्यांसाठी

नागपूरच्या आजूबाजूला कुठे ना कुठे नाल्याचं, मोरीचं, ड्रेनेजचं काम चालूच असतं आणि त्यासाठी सिमेंटचे पाईप, म्हणजे आपण ह्यूम पाईप म्हणतो ते, वाडी, कापसी, हिंगणा, बुटीबोरीच्या रस्त्यांवरून सारखे जात असतात. नवीन गाडी घेतलेला माणूस ह्या भाड्याकडे लवकर वळतो कारण माल पावसानं भिजून खराब होत नाही, चोरीची भीती नाही, ताडपत्री लागत नाही, आणि दिसायला एकदम सोपा माल. पण हा माल गोल आहे आणि वजनदार आहे, आणि ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की बाकी मालाची सवय इथे कामाची नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वरून दोर टाकून आवळला म्हणजे पाईप बांधला असं होत नाही. वरचा बेल्ट पाईपला खाली दाबतो, बस्स. पाईपला घरंगळू न देणं हे काम खालच्या थराचं, पाचरीचं आणि गुटक्याचं, म्हणजे लाकडी ठोकळ्याचं, आहे. खालचा थर जागचा हलणार नाही ही सोय आधी, बेल्ट त्याच्यानंतर. रस्त्यावर ज्या पाईपच्या गाड्या थांबवल्या जातात किंवा ज्यांचा माल पडतो त्यातल्या बऱ्याच जणांनी हे उलटं केलेलं असतं.

आधी वजन काढा

यार्डातल्या माणसाला विचारलं तर तो "अडीच टन समजा" म्हणून मोकळा होतो. कधी ते बरोबर असतं, कधी नसतं, कारण पाईपचे वर्ग वेगळे असतात. आयएस ४५८ ह्या भारतीय मानकात एनपी२, एनपी३, एनपी४ असे वर्ग दिलेत आणि आतला व्यास तोच असला तरी भिंतीची जाडी वेगळी, म्हणून वजनातही मोठा फरक. मालाच्या चलानावर किंवा पाईपवर वर्ग लिहिलेला असतो तो बघा, नसेल तर टेप काढा आणि जाडी मोजा.

हिशोब सोपा आहे, मोबाईलवर होतो. आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्यात जाडी मिळवा, आलेल्या आकड्याला जाडीनं गुणा, मग ३.१४ नं, मग पाईपच्या लांबीनं आणि शेवटी २.५ नं गुणा, कारण काँक्रीटचा एक घनमीटर साधारण २.५ टन भरतो. समजा आतला व्यास १००० मिलिमीटर, जाडी ११५ मिलिमीटर, लांबी २.५ मीटर. १.११५ गुणिले ०.११५ गुणिले ३.१४ गुणिले २.५ गुणिले २.५, म्हणजे साधारण २.५ टन, सॉकेटवाला, म्हणजे एका टोकाला फुगीर तोंड असलेला, पाईप असेल तर त्याच्या थोडं वर.

आता गाडीची आरसी काढा. ग्रॉस वजनातून, म्हणजे मालासकट गाडीला परवानगी असलेल्या वजनातून, रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, तेवढाच माल तुमचा. उदाहरणार्थ आरसीवर ग्रॉस १८.५ टन आणि रिकामी गाडी ७ टन असेल तर हातात ११.५ टन राहतात. वरचे पाईप चार टाकले तर १० टन, ठीक. इथेच यार्डातला मुकादम म्हणतो, "भाऊ, जागा तं आहे, पाचवा टाकून देऊ काय?" जागा खरंच असते, पण पाचव्यानं साडेबारा टन होतात आणि गाडी एक टनानं ओव्हरलोड होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली त्यानंतर कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये, आणि जास्तीचा माल उतरवायचा खर्चही आपलाच, तो उतरेपर्यंत गाडी हलू देत नाहीत. अडीच टनाचा पाईप रस्त्याच्या कडेला उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवावी लागते, तिचं भाडं, तिथपर्यंत यायचा वेळ, मग तो पाईप दुसऱ्या गाडीनं न्यायचा, हे सगळं एका पाईपच्या भाड्यात बसूच शकत नाही. वजनकाटा टाळायला गाडी थांबवली नाही किंवा वजन करू दिलं नाही तर ४०,००० रुपये वेगळे.

आणि मालकांनी हे लक्षात ठेवा, "ड्रायव्हरनं भरलं, मला माहीत नव्हतं" हे चालत नाही. कलम ११३ मध्ये लिहिलेलं आहे की मालक गाडीवर नसला तरी त्याला माहीत होतं किंवा त्यानंच सांगितलं होतं असं कोर्ट धरू शकतं. म्हणून काट्याची पावती मालकानं स्वतः बघायची, फोटो मागवायचा, मगच गाडी सोडायची.

गाडी कोणती आणि पाईप कसा ठेवायचा

डाल्याचा, म्हणजे बाजूला उघडणारे पत्रे असलेला, ट्रक असेल तर पाईप बहुतेक वेळा गाडीच्या लांबीत ठेवतात, तोंड केबिनकडे. फ्लॅट ट्रेलर असेल तर आडवे ठेवता येतात, तोंडं डाव्या-उजव्या बाजूला. दोन्हीत धोका वेगळा आहे हे समजून घ्या. लांबीत ठेवलेला पाईप वळणावर बाजूला घरंगळायला बघतो आणि जोरात ब्रेक मारला की सरळ पुढे केबिनकडे घसरतो. आडवा ठेवलेला पाईप ब्रेकला पुढे आणि चढावर मागे घरंगळायला बघतो. तुमच्या गाडीवर पाईप कुठल्या दिशेनं पळणार हे आधी ठरवा आणि ती दिशा आधी बंद करा.

आडव्या पाईपची आणखी एक भानगड आहे जी नव्यांना हमखास नडते. पाईपची लांबी २.५ मीटर म्हणतात पण सॉकेटवाला पाईप टोकापासून टोकापर्यंत त्याहून जास्त भरतो, आणि गाडीची रुंदी नियमानं २.६ मीटरच्या वर जात नाही. एक पाईप जरी जरासा सरकलेला असला तर तोंड बॉडीच्या बाहेर. कलम १९४ च्या पोटकलम १अ प्रमाणे माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला की २०,००० रुपये, आणि माल नीट केल्याशिवाय गाडी सुटत नाही. बाईकवाल्याच्या खांद्याच्या उंचीवर काँक्रीटची धार बाहेर आलेली असते, त्यामुळे मला हा नियम अगदी योग्य वाटतो. लादून झालं की मागे उभं राहून दोन्ही बाजूंनी एक डोळा मिटून बघा, सगळी तोंडं एका रेषेत दिसली पाहिजेत.

डाल्याच्या गाडीत बरेच जण डाल्यालाच आधार समजतात. डाला म्हणजे पत्रा आणि कड्या, अडीच टन पाईप वळणावर त्याच्यावर रेलला तर कड्या उघडतात. डाला असो नसो, पाचर लागतेच.

फळी साफ करा

फळी म्हणजे माल ठेवायचा गाडीचा तळ. ती साफ करणं हे छोटं काम आहे पण कोणी करत नाही. आधीच्या भाड्याची गिट्टी, वाळू, पावसाळ्यात साइटवरचा काळ्या मातीचा चिखल, हे सगळं खरवडून काढा आणि झाडा. चिखलावर ठेवलेली पाचर बसल्यासारखी दिसते आणि दहा किलोमीटरवर सरकते. गाडीची फळी लाकडी असेल तर पाचर खिळ्यानं ठोकता येते, हे उत्तम. लोखंडी पत्रा असेल तर खिळा लागत नाही, तिथे वेल्ड केलेले अँगल, भोकात बसणारे खुंट, आणि पाईपखाली रबर मॅट असं करावं लागतं. लोखंडावर काँक्रीट सरळ ठेवू नका, घासलं जातं आणि घसरतं.

खालचा थर

इथे वेळ द्या, घाई नको.

आपला कायदा ओव्हरलोड, बाहेर आलेला माल, धोकादायक अवस्थेतली गाडी यांच्याबद्दल बोलतो. अमेरिकेत मात्र काँक्रीट पाईप गाडीवर कसा बांधायचा ह्याच्यावर वेगळा नियम लिहिलेला आहे, ४९ सीएफआर ३९३.१२४ असा त्याचा नंबर. तो आपल्याला लागू नाही, पण बांधायची पद्धत त्यात इतकी नीट सांगितलीय की मी नव्या पोरांना तीच शिकवतो. तो नियम मुख्यतः आडव्या ठेवलेल्या पाईपसाठी आहे, लांबीत ठेवणाऱ्यांनी तीच गोष्ट बाजूच्या दिशेला लावायची आणि पुढचं तोंड हेडबोर्डला, म्हणजे केबिनमागच्या भिंतीला, किंवा पक्क्या अडसराला टेकवायचं.

पहिले सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा पाईप जागेवर कैद करायचा. गुटके, पाचरी, खुंट किंवा गाडीची पुढची भिंत, जे असेल त्यानं, पण तो हललाच नाही पाहिजे. मधले पाईप एकमेकांना चिकटून, मध्ये फट नको, आणि त्यांनाही पाचर. पाचर लाकडाची, अखंड, कडक लाकडाची, तिचा उतार पाईपच्या गोलाईला टेकलेला आणि हातोडीनं घट्ट बसवलेली. दगड नाही, वीट नाही, तुटकी फळी नाही. दगड लावलेल्या गाड्या मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर होतो, कारण दगड एका बिंदूवर टेकतो, खड्ड्यात गाडी आदळली की तो फिरतो किंवा फुटतो आणि पाईप मोकळा. चालत्या गाडीत ते कोणाला दिसतही नाही.

मग पुढच्या पाईपच्या आतून एक बेल्ट किंवा चेन घालायची आणि मागच्या बाजूला ओढून बांधायची, कोन आडव्या रेषेपासून ४५ अंशाच्या वर जाऊ द्यायचा नाही. मागच्या पाईपच्या आतून एक, पुढे ओढून, तसाच. ह्या दोन ओढींमुळे सगळा थर मध्ये दाबला जातो, पाईप एकमेकांना धरून ठेवतात. आपल्याकडे ही पद्धत फार कमी दिसते, सगळा भर वरून टाकलेल्या दोरावर, आणि म्हणूनच सांगतोय.

आतला व्यास ११४३ मिलिमीटरच्या वर असेल, म्हणजे आपला १२०० चा पाईप घ्या, तर तिकडचा नियम आणखी कडक आहे. पुढचा आणि मागचा पाईप पाचरीनं बंद, आणि प्रत्येक पाईपच्या आतून निदान एक बेल्ट, पुढच्या अर्ध्यातले मागे ओढलेले, मागच्या अर्ध्यातले पुढे ओढलेले. एवढा मोठा पाईप दुसऱ्या थरावर चढवायचा विचारही करू नका.

सॉकेटवाल्या पाईपला खाली दोन लांब लाकडी पट्ट्या टाका, एवढ्या उंच की सॉकेट फळीला टेकणार नाही. नाहीतर सगळं वजन सॉकेटवर येतं, पाईप तिरका बसतो, आणि तडा जातो. एकच थर असेल तर सॉकेटची तोंडं एक डावीकडे एक उजवीकडे अशी आलटून पालटून. दोन थर असतील तर खालच्या सगळ्यांची तोंडं एका बाजूला, वरच्या सगळ्यांची दुसऱ्या बाजूला.

वरचे थर

वरचा पाईप खालच्या दोन पाईपांच्या मध्ये जी खोलगट जागा तयार होते तिथेच बसतो, दुसरीकडे कुठेही नाही. एका पाईपच्या डोक्यावर सरळ दुसरा पाईप कधीच नाही, वेगवेगळ्या व्यासाचे असतील तर मोठे खाली, छोटे वर. दुसरा थर पूर्ण झाल्याशिवाय तिसरा सुरू करायचा नाही. आणि उंचीचा हिशोब करा, ट्रकला उंची ४ मीटरपर्यंत चालते. १००० च्या पाईपचा बाहेरचा व्यास १.२३ मीटर, फळी जमिनीपासून दीड मीटरवर धरली तर दोन थरांतच साधारण ३.८ मीटर होतात. तिसऱ्या थराला जागाच नाही, शिवाय सर्व्हिस रोडवरच्या वायरी आहेतच.

बेल्ट, चेन, दोर

नायलॉनचा दोर ह्या कामाला चालणार नाही, मी ठामपणे सांगतो. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात तो कडक होतो, वरून शाबूत दिसतो आणि आतून धागे गेलेले असतात. रॅचेटवाला, म्हणजे दांडीनं आवळायचा, बेल्ट घ्या किंवा बाइंडरसोबत, म्हणजे चेन ताणायच्या कळीसोबत, चेन. बेल्टला एक लेबल शिवलेलं असतं, त्याच्यावर किती वजन झेपतं ते लिहिलेलं असतं, ५० मिलिमीटरच्या बेल्टवर बरेचदा एलसी (बेल्टची ताकद) २५०० डेकान्यूटन असतं म्हणजे साधारण अडीच टन. लेबल फाटलं असेल, कडा कापली गेली असेल, मध्ये गाठ मारली असेल तर तो बेल्ट बाद. गाठ मारून वापरलेला बेल्ट तर अजिबातच नको.

किती लागतील? तिकडच्या नियमाप्रमाणे सगळ्या बेल्टांची ताकद मिळून मालाच्या वजनाच्या निदान अर्धी पाहिजे. सहा पाईप, १५ टन माल, तर साडेसात टनाची ताकद, म्हणजे अडीच टनाचे तीन बेल्ट. पण इथे गंमत नाही, लक्ष द्या, एका बाजूच्या हुकमधून निघून मालावरून दुसऱ्या बाजूच्या हुकला गेलेला बेल्ट पूर्ण मोजतात, आणि पाईपातून जाऊन त्याच बाजूला परत बांधलेला बेल्ट अर्धाच मोजतात. म्हणून तीनावर थांबू नका. शिवाय प्रत्येक पाईप वेगळा बांधलेला नसेल तर थराच्या वरून लांबीत एक १३ मिलिमीटरची किंवा दोन १० मिलिमीटरच्या चेन किंवा वायररोप, आणि मालाच्या दर ३ मीटरला एक आडवा बेल्ट.

पाईपच्या तोंडाची धार बेल्ट कापते. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ठेवा आणि बेल्ट जिथे काँक्रीटला टेकतो तिथे प्रत्येक ठिकाणी लावा. चेन असेल तरी लावा, नाहीतर चेन तोंडाचा टवका काढते आणि साइटवरचा इंजिनिअर तो पाईप परत पाठवतो, त्या पाईपचे पैसे मग भाड्यातून कापतात.

आवळून झालं की एक काम करा. गेरू किंवा जाड खडू घेऊन प्रत्येक खालच्या पाईपवरून खाली फळीपर्यंत एक सरळ रेघ मारा. पाईप जरा जरी फिरला तर वरची रेघ आणि खालची रेघ जुळत नाही, लांबूनच दिसतं.

रस्त्यावर

कागदपत्रं सगळ्यांना माहीत आहेत, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी, त्याबद्दल जास्त बोलत नाही. फक्त काट्याची पावती वरच ठेवा, आरटीओच्या वायुवेग पथकानं थांबवलं तर पहिलं तेच विचारतात.

निघाल्यावर थांबायची जागा आधीच ठरवा. तिकडे पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा आणि मग दर ३ तासांनी किंवा २४० किलोमीटरनी बांधणी तपासायचा नियम आहे. आपल्याकडचे खड्डे आणि गतिरोधक बघता मी पहिली तपासणी त्याहून आधी करायला सांगतो. अमरावती रोडला कोंढाळीला थांबा, म्हणजे पुढचा तळेगावचा सत्याग्रही घाट यायच्या आधी बेल्ट परत आवळले जातील. वर्धा रोडला बुटीबोरी, भंडारा रोडला मौदा. चहा घ्यायचाच असतो, आधी गाडीभोवती एक फेरी मारा. बघायचं काय, तर रेघा जुळतात का, रॅचेट सैल झालं का, ट्यूबचा तुकडा सरकला का, आणि पाचरीच्या आजूबाजूला ताजी पांढरी भुकटी दिसते का. ती भुकटी म्हणजे पाईप तिथे घासला जातोय. नुसता बेल्ट आवळून पुढे जाऊ नका, पाचर परत ठोका.

ब्रेक जपून. बांधणीचा हिशोब करताना जोरात ब्रेक मारला की माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोरानं पुढे जायला बघतो असं धरतात, १५ टन मालाचा १२ टन जोर, तुमच्या केबिनच्या दिशेनं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, आणि वळणावर वेग आधी कमी करा, वळणात नाही. पाईप पडून कोणी मेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो, चलानाची गोष्ट तेव्हा फार लहान होते.

उतरवताना

माझ्या मते सगळ्यात जास्त धोका इथे आहे, कारण सगळ्यांना वाटतं पोहोचलो, झालं. गाडी सपाट, टणक जागी उभी करा. साइटवाले सांगतील खड्ड्याच्या अगदी कडेला लाव, काळी माती पावसात कडेला ढासळते, लावू नका, भांडण झालं तरी चालेल. बेल्ट सोडायच्या आधी गाडीभोवती फिरून बघा कुठला पाईप बेल्टवर रेललाय का, असेल तर तो बेल्ट शेवटी, आधी हायड्राची स्लिंग, म्हणजे उचलायचा पट्टा, त्या पाईपला लावा मग सोडा. रॅचेट उघडताना पाईप ज्या दिशेला येऊ शकतो त्या बाजूला कोणीच उभं राहायचं नाही, ना तुम्ही ना क्लीनर ना हमाल. सगळे बेल्ट एकदम सोडू नका, जेवढा पाईप उचलायचा तेवढाच मोकळा करा आणि बाकीच्यांच्या पाचरी तशाच राहू द्या.

टायरवर किंवा वाळूच्या ढिगावर पाईप घरंगळत सोडायची पद्धत बऱ्याच साइटवर आहे. करू नका. "आमच्या इथं असंच करतात भाऊ" असं म्हणतील, त्यांना सांगा हायड्रा येईपर्यंत गाडी थांबते, वेटिंगचं लिहून घ्या बिल्टीवर.

गाडी रिकामी झाली की पाचरी, गुटके, खुंट, चेन सगळं मोजून गोळा करा आणि पेटीत टाका, नाहीतर फळीवरच बेल्टनं करकचून बांधा. रिकाम्या गाडीच्या फळीवर सुटा पडलेला लाकडी गुटका पहिल्याच गतिरोधकाला उडतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीवर बसतो.